लेकरांचा काटा

अन्याय झाला तो सोनीवर. गेल्या उन्हाळ्यात, मोहाची फुलं वेचणं संपल्यावर अंगणवाडीत जे पहिलं वजन झालं, त्या दिवशी. दोन वर्षांची सोनी झोळीत बसली आणि काट्यानं ती ठीक असल्याचं सांगितलं. ती ठीक नव्हती.

वजन घेणाऱ्या अंगणवाडीच्या बाईंना तुम्ही पाहायला हवं होतं. आढ्याला टांगलेल्या काट्याला आधी टिचकी मारायच्या, "जागा हाय का रे?" विचारायच्या. पोरं हसायची. एखादं रडलंच तर म्हणायच्या, "रडल्यानं वजन वाढत नाई, बाप्पा."

गावात येणारा मोहाचा व्यापारी काटा मारायचा. म्हणून बायका भरली पोती घेऊन बाईंकडे आल्या, आधी इथं खरं वजन करू म्हणाल्या. बाईंनी लेकरांच्या काट्याला पोती लटकवू दिली. व्यापाऱ्याला खऱ्या वजनाचे पैसे मोजावे लागले. गाव बाईंना वकिलीण म्हणू लागलं.

काट्यातली स्प्रिंग जेवढा भार तेवढी ताणते, पण तिच्या ताकदीपर्यंतच. त्यापलीकडे ओढली की परत जागेवर येत नाही. काटा रिकामाही शून्याच्या पुढं थांबू लागला. झोळी कायम लटकलेली, बाईंना वाटलं तिचाच भार; तो वजा करायचं त्यांना सुचलं नाही. प्रत्येक लेकरू किलोभर जड दिसू लागलं. सोनी कुपोषितांत मोजली गेली नाही, जादा आहार मिळाला नाही. पावसाळ्यात तापानं फणफणली, तेव्हा गडचिरोलीच्या दवाखान्यात खरं वजन कळलं. वाचली. अजून भिंत धरून चालते.

मी गावातल्या संघटनेचा कार्यकर्ता, मी पत्रक लिहिलं. काटे तपासायला महिला-बालविकास खात्याचं कुणी फिरकत नाही, दोष खात्याचा. बाईंनी वाचलं आणि परत दिलं.

"भाऊ, यात माहं नाव कुठी हाय?"

मी म्हणालो, तुमचा काय दोष? तुमचं नाव घातलं की खातं सुटेल.

"त्याले नको सोडू. मलेबी नको सोडू. व्यापाऱ्याचं पाप दिसलं मले, माहं नाई दिसलं. पोतं म्या लटकवलं."

नवा काटा आला त्या आठवड्यात बाई काम सोडून सावली गावाला लेकीकडे गेल्या. जाताना काट्याशेजारच्या खिळ्याला किलोचा मिठाचा पुडा टांगून गेल्या. नवी बाई आधी तो लटकवते, मग लेकरू.

तुमच्याही गावात अंगणवाडी आहे. उद्या मिठाचा पुडा घेऊन जा. काटा एकवर थांबला नाही, तर झोळीतलं लेकरू खाली उतरवा, आणि नवा काटा आल्याशिवाय तिथून हलू नका.