डोकं माझं आहे

"आमच्या मावशी अंगठाछाप आहेत. त्यासुद्धा हे ॲप वापरू शकतात," साहेब कंपनीत पैसे घालायला आलेल्या पाहुण्यांना म्हणाले.

मी दहावी पास आहे. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

डोकेदुखीवर मोबाईलवरून उपचार देणारं ॲप त्यांची कंपनी बनवते. मी तिथं ठेकेदाराकडून साफसफाईला होते. रोज बिबवेवाडीहून दोन बस बदलून जायचे. त्या दिवशी सकाळीच दोनदा उलटी झाली. डोक्याची उजवी बाजू ठणकत होती. ट्यूबलाइट डोळ्यांत घुसत होती. "झाली हिची नाटकं सुरू," सुपरवायझर बाई म्हणाल्या. हे मी बारा वर्षं ऐकत आले. सासरी, कामावर. मेडिकलमधून गोळी आणायची, गिळायची, फरशी पुसायची.

माझं डोकं खरंच दुखतंय हे साहेबांना कळलं. ते खूश झाले, पाहुण्यांना दाखवायला खरी पेशंट मिळाली. मला तसंच कामावरून उठवून मीटिंगमध्ये बसवलं. हातात टॅब दिला. प्रश्न आला, दुखणं किती, एक ते दहा. मी बोट उचलायच्या आत साहेबांनी चार दाबलं.

"नऊ आहे," मी म्हणाले.

"अहो, डेमो आहे हा. चार बरं दिसतं."

पाहुणे हसले. मी खाली बघितलं.

मग पडद्यावर डॉक्टरबाई आल्या. "कधीपासून दुखतंय?" त्यांनी मला विचारलं. उत्तर साहेब द्यायला लागले. मी टॅब माझ्याकडे ओढला.

"डॉक्टर, डोकं माझं आहे. मी सांगते."

सगळं सांगितलं. उलट्या, अंधार करून पडणं, पाळीच्या आधी वाढणं, रोजच्या गोळ्या. कुणी हसलं नाही.

"ही अर्धशिशी आहे, मायग्रेन," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रोज गोळ्या खाऊन ती आणखी वाढलीय." त्यांनी वेगळं औषध लिहून दिलं. चिठ्ठी माझ्या मोबाईलवर आली.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन. "येऊ नका. साहेबांना उलटं बोललात."

कंपनी सुटली तसं माझ्या मोबाईलवरचं ॲपही बंद झालं. ते माझ्यासारखीसाठी नव्हतंच.

आता सरकारी दवाखान्यात जाते. दुखणं कमी झालंय, गेलेलं नाही. गेल्या आठवड्यात तिथला नवा डॉक्टर मान वर न करता दुखायची गोळी लिहायला लागला. मी मोबाईलमधली चिठ्ठी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"लिहू नका. आधी ऐका."

"मागं रांग आहे, मावशी."

असू दे रांग. त्यानं माझं ऐकेपर्यंत मी स्टुलावरून उठले नाही. यापुढंही उठणार नाही.