तोळामामांचा पांढरा हंडा

पाण्याने भरलेला तांब्याचा हंडा तुम्ही स्वतःच्या डोक्यावर विहिरीपासून घरापर्यंत कधी आणला आहे काय? भरलेला राहू द्या, रिकामा तरी कधी उचलून पाहिला आहे काय? प्रश्न पुरुषांना आहे. बायकांना विचारण्याची गरज नाही. ज्यांनी हा प्रश्न मला विचारला त्यांच्याविषयी मी आज लिहितो आहे. कल्याणात त्यांना सारे तोळामामा म्हणत.

मामा जातीचे तांबट. तांबट आळीच्या खाडीकडच्या टोकाला त्यांची भट्टी होती. कोणतीही वस्तू तळहातावर घ्यायची, डोळे मिटायचे आणि वजन सांगायचे, अशी त्यांची ख्याती. मग खुशाल तागडीत घालून पाहा, तोळ्याचाही फरक निघत नसे. लोक मुद्दाम परीक्षा घेत. एकदा आळीतल्या एका बाईने थट्टेने आपले तान्हे मूलच त्यांच्या हातावर ठेवले. मामांनी डोळे मिटले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मागच्या अवसेला होतं त्याहून पावशेर कमी भरतंय गं. दूध पुरत नाही का तुला?" बाई तिथेच रडू लागली. तिच्या घरात एवढे वडीलधारे होते, पण तिला हे विचारणारा तांबट निघाला.

आपल्याकडे भांडे तागडीत घालूनच विकले जाते, आणि त्याची इभ्रतही तागडीतच ठरते. जड ते चांगले, हलके ते लबाडीचे. मामांचा जन्म याच समजुतीत गेला. बायको लवकर गेली होती, मागे एकच मुलगी, द्वारका. तिच्या लग्नात द्यायचा हंडा मामांनी महिनाभर ठोकला. तसा जड हंडा आळीत पूर्वी झाला नव्हता. रुखवतात तो मांडला तेव्हा वऱ्हाडातले पुरुष एकेक करून पुढे आले, दोन्ही हातांनी रिकामा हंडा उचलून पाहिला आणि "वा, मामा!" म्हणून खाली ठेवून पंगतीला गेले. मामांची मान त्या दिवशी ताठ होती. द्वारकेच्या मानेचा विचार कोणाच्याही मनात आला नाही.

द्वारकेला दिली होती कोलशेतला. सासरी भांड्यांचे दुकान, आसपासच्या आगरी-कोळ्यांच्या गावांत मोठे नाव. पण खाडीलगतच्या विहिरी मचूळ. गोड्या पाण्याची विहीर टेकडीच्या पायथ्याशी, आणि वाट दगडांची. माहेरच्या हंड्याची शोभा रोज साऱ्या गावाने पाहावी म्हणून सासूबाई त्याच हंड्याने पाणी आणवीत. दोनदा द्वारकेचे दिवस भरण्यापूर्वीच सारे संपले. दुसऱ्या वेळेनंतर मामा भेटीला गेले, तेव्हा ती त्यांना वाटेतच भेटली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, आणि बापाला पाहूनही मान वर करता येत नव्हती. मामांनी हंडा उतरवून घेतला, आपल्या डोक्यावर ठेवला आणि घरापर्यंत नेला. दारात सासूबाई हसून म्हणाल्या, "अगंबाई, व्याह्यांनी पाणी भरलं!" मामांनी हंडा ओट्यावर उतरवून ठेवला आणि ते निघाले. परत आल्यावर मला एवढेच म्हणाले, "हाताला वजन ठाऊक होतं रे. मानेला ठाऊक नव्हतं."

माझ्याशी त्यांचा परिचय त्याआधीच, माझ्या छापील कागदांमुळे, झाला होता. मी पोरवयापासून चोपड्या आणि पत्रके वाचून वाढलो, आणि विशी गाठायच्या आत स्वतः लिहू लागलो. दारू, बालविवाह, विलायती कापड, ज्याचा राग येईल त्यावर चार पाने छापून बाजारात वाटायची, हा माझा उद्योग. मामा मला "छापखाना" म्हणत. एके दिवशी ते मुंबईच्या तांबाकाट्याच्या धातुबाजारातून आणलेला एक पांढरा पत्रा घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

"काय रे छापखाना, इंग्रजी वाचतोस ना? मग हे काय आहे ते मला शोधून दे. अल्युमिनियम म्हणतात. घे, धर."

मी धरला. पत्रा मोठा होता. मनाने जेवढा भार झेलायची तयारी केली होती तेवढा आलाच नाही, आणि माझा हात नकळत वर गेला. मामा मोठ्याने हसले. "माझाही असाच गेला होता! चाळीस वर्षांत हा हात पहिल्यांदा चुकला. तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाही भरत नाही. याचा हंडा करायचा द्वारकीला. पुन्हा दिवस गेलेत तिला."

मला थट्टा सुचली. "पण मामा, आतलं पाणी थोडंच हलकं होणार आहे?"

मामांचे हसू गेले. "पाण्याचं वजन देवानं ठरवलंय. हंड्याचं मी ठरवलं. माझं तेवढं मी परत घेतो. तू कधी भरला हंडा आणलायस रे डोक्यावरून?"

मी पत्रा उलटसुलट करून बघू लागलो. एक गोष्ट त्या दिवशी मी बोललो नाही, ती इथे लिहितो. आदल्याच वर्षी या पांढऱ्या धातूवर मी एक पत्रक काढले होते. विलायतेहून आलेला, म्हणून वाईट. एवढाच माझा पुरावा होता. तोपर्यंत मी तो हातातही घेतला नव्हता.

एका शिक्षकमित्राकडून मी इंग्रजी पुस्तक मागून आणले आणि वाचून दाखवू लागलो. पण मामांना धीर नव्हता. द्वारकेचे दिवस पुढे सरकत होते. तांबे ठोकले की कडक होते, मग ते भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करायचे, ही तांबटाची रीत. मामांनी पांढरा पत्रा भट्टीवर धरला आणि लाल होण्याची वाट पाहत बसले. तो लाल झालाच नाही. पांढराच्या पांढरा राहिला आणि एकाएकी मधोमध खचून विस्तवात गळून पडला. मामा रिकाम्या सांडशीकडे बघत राहिले. "सांगितलंसुद्धा नाही रे यानं," ते म्हणाले. "तांबं कसं, आधी लाजतं, लाल होतं, मग वाकतं. हा काही न सांगता गेला."

पुढे पुस्तकात उपाय सापडला. पत्र्याला साबण फासायचा. साबण काळा पडला की पत्रा मऊ झाला असे समजायचे आणि लगेच काढायचा. मग डाखाचे, म्हणजे धातूचा रस ओतून सांधा जोडण्याचे, विघ्न आले. या धातूला हवा लागताच अंगावर पातळ साय धरते आणि डाख चिकटतच नाही. आळीतले तांबट दारात उभे राहून गंमत पाहू लागले. "मामा, डिंक लावून बघा!" "मामा, म्हातारपणी डबडी करायला लागलात!" मामांनी सांधा देणेच सोडले. एका अखंड चकतीतून सबंध हंडा वर काढायचा ठरवले. थोडे ठोकायचे, साबण फासायचा, तापवायचे, पुन्हा ठोकायचे. दोन चकत्या फाटल्या. तिसरी टिकली.

त्या दिवसांत मी त्यांना वाचून दाखवले, की हा धातू चिकणमातीत आणि तांबड्या दगडांतही असतो. मात्र नुसत्या आगीने निघत नाही, वीज लागते. मामा उठले आणि माझ्या घराच्या जांभ्याच्या भिंतीवर बोटाने टिचकी मारली.

"म्हणजे यात?"

"असेल."

"मग परदेशी कसला हा? इथलाच आहे. विलायतेला जाऊन बॅरिस्टर होऊन आलाय, इतकंच."

मी हसलो, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे सबंध पत्रक त्या एका टिचकीने पडले होते. तरीही त्या पत्रकाचे मी मामांना सांगितले नाही.

हंडा झाला. चांदीहून फिका, चंद्राच्या खळ्यासारखा, आणि पोटावर मामांच्या ठोक्यांच्या बारीक ओळी. भरतीच्या पाण्यावर कोलशेतकडे जाणाऱ्या एका कोळ्याच्या होडीत मामांनी तो स्वतः नेऊन ठेवला. पाचव्या दिवशी तीच होडी परत आली. कोळी हंडा घेऊन भट्टीपाशी आला, तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

"मामा, यो तुमचा हंडा. ईनबाईंनी परत धारलाय," तो खाली बघत म्हणाला. "दुकानान तागरीत घातला सगल्यांदेखत. दुसऱ्या पारड्यान तुमचा जुना. यो गेला वर, नि सगली हासली. ईनबाई बोलल्या, बापाला पोरगी जर झाली काय, म्हनून हलका हंडा धारला? आनि यो कागूद आत ठेवलाय. बोलल्या, छापलेला हाय, वाचून घ्या."

मामांनी कागद माझ्यापुढे केला. "वाच रे छापखाना."

मी घडी उघडली. मजकूर माझाच होता. मी वाचले: "बंधूंनो, हा पांढरा पत्रा म्हणजे परक्यांनी आपल्या चुलीवर ठेवलेले विष आहे. ज्या घरात हे हलके भांडे शिरेल, त्या घराची लक्ष्मी हलकी होईल." तेवढेच वाचून मी थांबलो.

"भाषा झ्याक आहे," मामा म्हणाले. "कुणी लिहिलंय?"

"मी."

बराच वेळ ते हातोड्याच्या दांड्यावरून अंगठा फिरवीत राहिले. मग म्हणाले, "ठोका चांगला बसलाय तुझा. पण पत्रा न बघता मारलास." आणि थोड्या वेळाने, "आता उलटा कागद छाप. चार ओळी पुरेत. विहीणबाईंना माझं तोंडाचं चालत नाही, छापील लागतं. लवकर छाप. तिला सातवा लागलाय."

चार ओळी! वाचकहो, मला त्या चार ओळी लिहिता आल्या नाहीत. मित्र म्हणाले, "आज धातू परत घेशील, उद्या कापड परत घेशील, मग तुझ्या शब्दाला काय राहिलं?" मला ते पटले, कारण मला ते पटायला हवे होते. मी रोज कागद घेऊन बसे. पण प्रत्येक खर्ड्यात मी माझीच बाजू मांडी, आणि द्वारकेची वाट, तिची चुंबळ, तिची मान दुसऱ्या पानावरही येत नसे. मामा रोज येऊन दारातून एकच शब्द विचारीत, "झालं?" त्यात टोमणा नव्हता. असे पंधरा दिवस गेले.

सोळाव्या दिवशी होडीतून द्वारकाच आली. विहिरीच्या वाटेवर पाय घसरून ती पडली होती. मूल गेले होते. आता हिला मूल होणार नाही आणि पाणीही भरता येणार नाही, असे म्हणून सासरच्यांनी तिला होडीत बसवून दिले होते. तिच्या पायांशी तो तांब्याचा हंडा होता. तो मात्र त्यांनी प्रामाणिकपणे परत केला होता.

त्यानंतर मी रोज मामांच्या रागाची वाट पाहिली. त्यांनी मला चार माणसांत शिव्या द्याव्या, भट्टीवरून हाकलावे, माझी पत्रके विस्तवात घालावी. यांतले काहीच झाले नाही. मला पाहिले की ते सरकून बसायला जागा करीत. एकदा आळीतल्या कोणीतरी नेहमीसारखी एक कळशी त्यांच्या हातावर ठेवली. मामांनी डोळे मिटले, पुष्कळ वेळ मिटून ठेवले आणि कळशी परत दिली. "मला नाही कळत आता," ते म्हणाले. आश्विनात एका दुपारी भट्टीपाशी बसल्या जागीच ते गेले. सकाळी त्यांनी मला साबण आणायला सांगितले होते. मी साबण घेऊन पोचलो, तेव्हा आळीतली माणसे बाहेर उभी होती.

द्वारकाबाई आता तिथेच राहतात. मी त्यांच्याविषयी आणि मामांविषयी लिहू का, असे विचारायला गेलो, तेव्हा त्या भाताचा कोंडा घेऊन पांढरा हंडा पुसत होत्या. मान वर न करता, ती आता पुरती वर होतच नाही, त्या म्हणाल्या, "लिहा की. पण दादा, तुमच्या कागदांत नुसतं पेटवलेलं असतं. वाचणाऱ्यानं पुढं काय करायचं, ते कधी नसतं. या वेळी तेवढं सांगा."

म्हणून सांगतो. मामांचा पांढरा हंडा द्वारकाबाईंनी देण्यासाठी काढून ठेवला आहे. तुमच्या घरी कोणी बाई दिवसांत असेल आणि विहीर लांब असेल, तर कल्याणच्या तांबट आळीत या आणि हंडा घेऊन जा. मूल झाले, बाळंतीण उठली, की तो पुढच्या घरी द्या. त्याला राख लावू नका. राखेने तो काळवंडतो आणि झिजतो. चिंचेने घासू नका, आंबट त्यात ठेवू नका. रिकामा विस्तवावर ठेवू नका. तो लाल होऊन इशारा देत नाही. माझे ते पत्रक कुणापाशी असेल, तर हा कागद त्याच्यावर चिकटवा.

पण हंडा न्यायला बायकांना पाठवू नका. तुम्ही स्वतः या. आणि घरी पोचल्यावर पहिली खेप तुम्ही आणा, त्या पांढऱ्या हंड्याने नव्हे, तुमच्या घरातल्या त्या जुन्या, जड तांब्याच्या हंड्याने, काठोकाठ भरून, विहिरीपासून दारापर्यंत.