दुसऱ्याच्या मांडवातली नोकरी

दिल्लीत आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत विदर्भ-मराठवाड्याकडची दहा-बारा घरं आहेत. चौदा एप्रिलचा जयंतीचा कार्यक्रम आम्ही सगळे मिळून करतो आणि मिळूनच त्याचा विचका करतो. बहुतेक सगळे सरकारी नोकरीतले, त्यामुळे बैठका भरपूर आणि काम मात्र कोणाच्याच अंगावर नाही. आठ वर्षांपूर्वी माझ्या मुलीने वैतागून सगळं आपल्या हातात घेतलं. ती तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती.

नेमके त्या दिवशी प्रमुख पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकले. दीड तास उशीर. आमच्या समितीची तोंडं उतरली. मुलीने शांतपणे लहान मुलांची गाणी-भाषणं आधी घेतली, म्हाताऱ्या मंडळींना जेवायला बसवलं आणि पाहुणे पोचले तेव्हा हॉल गच्च भरलेला होता. कार्यक्रम असाच ठरला होता, असं मलासुद्धा वाटलं.

साउंड सिस्टिम नोएडातल्या एका इव्हेंट कंपनीची होती. तिचे मालक स्वतः हजर होते. निघताना मला म्हणाले, "भाईसाहब, बिटिया को हमारे यहाँ भेज दीजिए. ये चीज़ सिखाने से नहीं आती." माझी छाती फुगली.

आठवड्याभरात तिला तिथून ऑफर आली. ती कागद घेऊन माझ्यासमोर बसली. कंपन्यांच्या परिषदा, प्रदर्शनं, नव्या गाड्यांचे लॉन्च, लग्नं. आधी असिस्टंट, मग दोन-तीन वर्षांत स्वतःचे कार्यक्रम. "बाबा, बिल्कुल प्रॉपर नोकरी आहे. पीएफसुद्धा आहे," ती म्हणाली. पीएफचं तिने खास माझ्यासाठी विचारून घेतलं होतं. मला त्या सगळ्यातलं एकच ऐकू आलं, लग्नं.

माझे वडील गावात दुसऱ्यांच्या लग्नात राबायचे. लाकडं फोडायची, मांडवाचे खड्डे खणायचे, उष्ट्या पत्रावळी उचलायच्या आणि सगळ्यांची जेवणं उरकली की मांडवाबाहेर बसून खायचं. मला दिल्लीत नोकरी लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आता आपल्यातलं कोणी कोणाच्या मांडवात राबणार नाही." मी मान डोलावली होती.

हे सगळं डोक्यात होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. "ही काय नोकरी आहे? तुला नाही झेपायची. बँकेची परीक्षा दे."

तिने वाद घातला नाही. कागद गोळा केले आणि उठली. पुढे परीक्षा दिली, पहिल्याच फटक्यात पास झाली. आज ती गाझियाबादच्या एका शाखेत चांगल्या पदावर आहे आणि मी नातेवाइकांत कॉलर ताठ करून फिरतो. पण संध्याकाळी "आज काय झालं?" विचारलं की म्हणते, "काही नाही, रोजचंच." त्या जयंतीनंतर हीच मुलगी दोन दिवस बडबडत होती. कोण कुठे चुकलं, तिने कसं निभावलं, थांबायलाच तयार नव्हती.

यंदा समितीचे सेक्रेटरी घरी आले. मी उत्साहाने म्हणालो, "आमच्या हिला सांगा ना, ती मस्त करेल."

"नको काका," ती हसून म्हणाली. "मला नाही झेपत ते. बाबांनी तेव्हाच ओळखलं होतं."

तो टोमणा असता तर मला सोसला असता. ती मनापासून बोलत होती. मला माझीच लाज वाटली.

सेक्रेटरी गेल्यावर मी तिला समोर बसवलं. गावचं थोडंफार तिला ठाऊक होतं, पण आजोबांच्या त्या जेवणाबद्दल मी कधी तोंड उघडलं नव्हतं. ते सांगितलं, वडिलांचे शब्दही सांगितले. "तू कमी पडशील असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं गं. मीच घाबरलो होतो."

"तेव्हा सांगायचं ना, बाबा," ती म्हणाली. "मी भांडले असते तुमच्याशी. बिल्कुल ऐकलं नसतं. पण तुम्ही म्हणालात तुला झेपणार नाही, आणि मी ते खरं मानलं."