अंशतः खरे

कोऱ्या पुठ्ठ्याला एक वास असतो. डिंकाचा, थर्माकोलचा आणि कुठल्याशा दूरच्या गोदामातल्या थंडाव्याचा मिळून झालेला. एप्रिलच्या ऐन दुपारी, तापलेल्या लोखंडी कपाटाशेजारी उभी असताना तो माझ्या नाकात शिरला, आणि अजून गेलेला नाही. कपाटावर सहा खोकी एकावर एक रचलेली होती. चिकटपट्टी जशीच्या तशी. वरच्या खोक्यावर धुळीचा पातळ थर, आणि त्या धुळीत मांजराच्या पावलांची एक सुरेख रांग. खोक्यांत कॅमेरे होते. मुलींच्या वसतिगृहाच्या सुरक्षेसाठी आलेले आणि सरकारी संकेतस्थळावर हिरव्या अक्षरांत 'कार्यान्वित' म्हणून झळकणारे कॅमेरे!

मी गणित शिकवते. मिरजगावात एस.टी. बदलून यावं लागतं अशा एका गावात. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या शाळेतल्या बऱ्याच मुली या वसतिगृहात राहतात. आणि मला याद्या करायची सवय आहे. वर्गाची यादी, वाणसामानाची यादी, पाठपुराव्याची यादी. शेवटच्या यादीत काम झालं की हिरवी खूण, अडलं की लाल. लोकांना याद्या रुक्ष वाटतात. मला मात्र कोऱ्या कागदावर एकाखाली एक उतरणाऱ्या ओळींत पेरणीच्या तासांसारखा डौल दिसतो. काय उगवायचं राहिलं, ते लांबूनही कळतं.

त्या लाल खुणांपैकी एक या कॅमेऱ्यांची होती. गृहपाल साळवेबाई, म्हणजे वसतिगृहाची सगळी जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्या, जानेवारीत फोनवर सहज बोलून गेल्या होत्या, "कॅमेरे बंदच हायेत मॅडम." मी लगेच यादीत लिहिलं: कॅमेरे बंद. वरच्या कार्यालयाला दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. तेव्हा मला माझा चुलतभाऊ बबन आठवला. तो एका आमदारांकडे स्वीय सहायक आहे. आमदार आमच्या भागाचे नाहीत, पण सभागृहात प्रश्न राज्यातल्या कुठल्याही गावाचा विचारता येतो, हे त्यानंच मला सांगितलं. आणि प्रश्नाचा नमुना पाठवला.

तो नमुना वाचताना माझ्या अंगावर शहारा आला, हे सांगितलं तर हसाल. पण बघा तरी त्याची ठेवण! 'पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' अशी सुरुवात. मग पहिला भाग: अमुक अमुक झालेले आहे, हे खरे आहे काय? दुसरा: असल्यास, त्यावर कोणती कार्यवाही केली? तिसरा: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? 'असल्यास' आणि 'नसल्यास' या दोन काठांमधून ती भाषा अशी वाहते, की मंत्र्यांनी होय म्हटलं तरी पुढे प्रश्न उभा, नाही म्हटलं तरी उभा. सिद्धतेच्या पायऱ्या शिकवण्यात ज्या बाईचं आयुष्य गेलं, तिला याहून सुंदर रचना कुठे भेटणार होती? आणि त्यातली ती नम्रता! ज्यांच्या हाताखाली पोलीस आहेत, तिजोरी आहे, राज्यभरची आकडेवारी आहे, अशा माणसासमोर एकानं उभं राहायचं आणि आरोप करायचा नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त विचारायचं: हे खरे आहे काय? शाळेत आम्ही मुलांना हेच शिकवतो आणि मोठेपणी हेच विसरतो.

मार्चच्या अधिवेशनात प्रश्न गेला: वसतिगृहातील कॅमेरे बंद आहेत, हे खरे आहे काय? तो अतारांकित निघाला, म्हणजे उत्तर फक्त लेखी यायचं. ते एप्रिलमध्ये आलं. तीन भागांचं उत्तर दोन ओळींत होतं. हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न उद्भवत नाही! मी तो कागद चार वेळा वाचला, स्कूटी काढली आणि भर उन्हात वसतिगृह गाठलं. साळवेबाईंनी कपाटाच्या माथ्याकडे बोट केलं. "म्हन्ले न्हवते का, बंदच हायेत? खोक्यात."

एका शब्दानं मला चीत केलं होतं. आपल्या बोलण्यात दार बंद असतं, पंखा बंद असतो, शाळा बंद असते, खोकंही बंद असतं. साळवेबाईंचं 'बंद' चिकटपट्टीचं होतं, माझं 'बंद' बिघाडाचं. आणि जो कॅमेरा कधी लागलाच नाही, तो बंद कसा पडेल? उत्तर लिहिणाऱ्यानं चोख लिहिलं होतं. राग कुणावर काढायचा? विद्यार्थ्यानं उदाहरण चुकीचं उतरवून घेतलं, तर पुढची सगळी आकडेमोड बरोबर असूनही मी त्याला शून्य देते. तेच शून्य तिथे उभ्या उभ्या मी स्वतःला दिलं. यादी ठेवणारी बाई, आणि खोकी डोळ्यांनी पाहिली नव्हती!

शून्य दिलं की विषय संपतो, असं मला वाटलं होतं. पण श्रावणात एका दुपारी, मुली शाळेत असताना, वसतिगृहाच्या मागच्या भिंतीवरून कोणीतरी आत उतरलं. दोरीवरचे कपडे नेले आणि न्हाणीघराच्या दारावर कोळशानं दोन ओळी लिहून गेलं. त्या ओळी साळवेबाईंनी मुली यायच्या आत घासून काढल्या, तरी कोळसा लाकडात मुरतो. आठवडाभरात तीन मुलींची नावं वसतिगृहातून कमी झाली. चौथं नाव रूपालीचं असणार होतं.

रूपाली दहावीत, खर्ड्याजवळच्या एका वस्तीवरची. भूमितीतलं उदाहरण मी फळ्यावर मांडायच्या आत तिच्या डोळ्यांत सुटलेलं असतं. तिचे वडील टेम्पो चालवतात. ते शाळेत आले, खुर्चीवर बसले नाहीत, मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यावर ते संकेतस्थळ उघडलेलं होतं.

"मॅडम, हितं लिवलंय कॅमेरे चालू हायेत. मंग त्यो आलेला मानूस दिसंना का कुनाला?"

त्यांनी शांतपणे सांगून टाकलं की नाताळच्या सुट्टीपर्यंत वाट बघू, मागच्या भिंतीला कॅमेरा लागला तर पोरगी राहील, नाहीतर सुट्टीला येईल ती परत यायची नाही. दहावीच्या वर्षात घरी गेलेली मुलगी परत येत नाही म्हणजे पुढे काय होतं, हे गेल्या वीस वर्षांच्या हजेरीपटांनी मला शिकवलेलं आहे. ते गेल्यावर मी यादी काढली आणि त्या लाल खुणेवर पेन इतका दाबला की कागद फाटला.

दिवाळीआधी बबनला फोन केला. माझी टिपणं ऐकून तो म्हणाला, "अक्का, ही यादी किराणा दुकानात दे, सभागृहाला एक पान पुरतं." पण मग त्यानंच तासभर माझ्यासोबत एकेका शब्दाची नखं काढली. 'बंद' गेला. 'अद्याप बसविण्यात आलेले नाहीत' आलं. पुढे जोडलं: असल्यास, संकेतस्थळावर ते कार्यान्वित असल्याची नोंद आहे, हेही खरे आहे काय? असल्यास, त्यासाठीचा निधी खर्ची दाखविण्यात आला आहे काय? शेवटी, नसल्यास विलंबाची कारणे. मी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि मोठ्यानं वाचलं. काय सांगू, एखादं समीकरण दोन्ही बाजूंनी जुळावं तसं ते वाक्य वाजलं!

या वेळी प्रश्नाला तारा मिळाला. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांनी उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं, आणि त्यावर सदस्यानं उपप्रश्न विचारायचे. पण यादीत आमचा क्रमांक नववा. तासाभरात पाच-सहा प्रश्न झाले तरी पुष्कळ, असं बबन म्हणाला. याद्यांवर प्रेम करणाऱ्या बाईला आयुष्यात प्रथमच एका यादीची भीती वाटली.

डिसेंबरची ती सकाळ! नागपूरहून बबननं छापील उत्तराचा फोटो पाठवला होता. पहिल्या भागापुढे लिहिलं होतं: हे अंशतः खरे आहे. बस्स, इतकंच. आता सगळं तोंडी उत्तरावर. मोकळ्या तासाला मी सभागृहाचं थेट प्रक्षेपण लावून शिक्षकखोलीत खडूच्या खोक्याला टेकवून मोबाईल उभा केला. खिडकीतून हिवाळ्याचं ऊन टेबलावर आलेलं, पलीकडच्या रानात ज्वारी पोटऱ्यात आलेली. साळवेबाई शाल घट्ट लपेटून दारातच उभ्या. पहिल्या प्रश्नावर वीस मिनिटं गेली. तो मोबाईलवरून होणाऱ्या फसवणुकीचा होता, महत्त्वाचाच. पण मी मनात त्या सगळ्या सदस्यांना 'बसा आता' म्हणत होते. दुसरा पोलीस ठाण्यांच्या गाड्यांचा, तिसरा कुठल्याशा योजनेच्या लाभार्थ्यांच्या आकड्यांचा. मग नशिबानं कूस बदलली. चौथा विचारणारे जागेवर नव्हते. पाचवा राखून ठेवला गेला. सहावा आणि सातवा भराभर उरकले. आठवा विचारणारेही गैरहजर! घड्याळात सहा मिनिटं उरली असताना आमचा क्रमांक पुकारला गेला, आणि साळवेबाईंनी माझा दंड असा पकडला की त्याचा वळ दुसऱ्या दिवशीही होता.

मंत्री उठले. उत्तर पटलावर ठेवलं आहे, म्हणाले, आणि बसले. आमदार उठले. त्यांच्या हातात माझ्या यादीचं ते एक पान होतं. त्यांनी फक्त एकच उपप्रश्न विचारला.

"अध्यक्ष महोदय, अंशतः खरे, म्हणजे नेमका कोणता अंश? खोकी आली हा, की कॅमेरे लागले हा?"

सभागृह हसलं. मंत्रीही हसले, मग अधिकाऱ्यांच्या कक्षाकडे वळले. तिथून एक चिठ्ठी आली. ती त्यांनी वाचली, पुन्हा वाचली, आणि हसू ओसरलं. "खोकी आली, हा," ते म्हणाले. आणि पुढच्या दमात सांगितलं की आठ दिवसांत कॅमेरे बसतील, संकेतस्थळावरची नोंद आजच दुरुस्त होईल. तेवढ्यात चहूबाजूंनी सदस्य उठू लागले. माझ्या मतदारसंघातलं वसतिगृह, माझ्याही, माझ्याही! वेळ संपल्याचं जाहीर झालं तरी हात वरच होते. मी खुर्चीवरून उठले होते, हे मला शाळेची घंटा वाजल्यावर कळलं. आमच्या कपाटावरच्या धुळीतली ती मांजराची पावलं राज्याच्या कितीतरी कपाटांवर उमटलेली होती तर!

संध्याकाळी मी संकेतस्थळ उघडलं. 'कार्यान्वित' पुसलं गेलं होतं. तिथे 'प्रगतिपथावर' असा पिवळा शब्द होता. खरं सांगते, त्या हिरव्या शब्दानं दिला नव्हता इतका दिलासा मला त्या पिवळ्यानं दिला. खोटी पूर्तता माणसाला एकटं पाडते. कबूल केलेली उणीव निदान सोबत चालते.

सहाव्या दिवशी माणसं शिडी घेऊन आली. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी रूपालीचे वडील टेम्पो घेऊन हजर झाले. मुलीची पेटी मागे टाकायला जागा करूनच आले होते, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. आधी मागच्या भिंतीखाली जाऊन उभे राहिले. मग साळवेबाईंच्या खोलीत पडद्यावर ती भिंत बघितली, मोकळी. "आता मी पुन्यांदा जातो. दिसतो का सांगा," म्हणाले आणि गेले. पडद्यावर एक माणूस आला, वर बघितलं, टोपी सरळ केली. साळवेबाई हसल्या. ते परत आले, टेम्पोचा फाळका लावला आणि म्हणाले, पेटी राहू दे, आठ दिवसांसाठी कपड्यांची पिशवी पुरे.

रूपाली जानेवारीत परत आली. मी यादीत हिरवी खूण करायला वसतिगृहात गेले. तिनं त्या सहांतलं एक रिकामं खोकं मागून घेतलं होतं, त्यात तिची दहावीची पुस्तकं कण्याकडून एका रेषेत लावलेली. मी वाकले तर तोच वास. डिंकाचा, थर्माकोलचा, पण आता त्यात वह्यांचा आणि खोबरेल तेलाचा वास मिसळलेला. पेनाचं टोपण काढत मी तिला सहज विचारलं, आता भीती वाटत नाही ना?

त्या दिवशीचं सभागृहाचं कामकाज सगळ्या वसतिगृहानं मोबाईलवर पुन्हा पुन्हा पाहिलेलं होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "हे अंशतः खरं हाय."

मी हसले, आणि हसता हसता थांबले. कोणता अंश, हे तिला विचारणं आता माझ्याकडे होतं. मी टोपण पुन्हा लावलं, तिच्या खाटेच्या कडेवर बसले आणि विचारलं. ती बोलू लागली. वहीचं नवं पान उघडेपर्यंत तिचं दुसरं वाक्यही झालं होतं.