उलटे लावलेले साग

"साग कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

मी पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर 'सागवान रोपवन' असं ठळक लिहिलं होतं. पाटीमागच्या दहा एकरांत सागाचं एकही पान नव्हतं.

साठ सालाच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. मी जंगलात फॉरेस्टर. साहेब अमरावतीहून जीपने इन्स्पेक्शनला आलेले. त्या दहा एकरांतलं मिश्र जंगल तीन वर्षांपूर्वी तोडून साग लावायचा हुकूम झाला होता. नर्सरीतून 'स्टंप' आले. स्टंप म्हणजे सागाच्या रोपाची छाटलेली कांडी. बहुतेक सगळं मूळच, वर पेरभर खोड. पहारीने भोक पाडायचं, कांडी खोचायची, माती दाबायची. एवढंच काम.

मी नवा होतो. झाड बुडाशी जाड असतं, हे ज्ञान मात्र पक्कं. मी मजुरांना जाड टोक खाली घालून दाखवलं.

मुकादम सुखदेव दर्यापूरकडचा, कपाशीतला माणूस. तो म्हणाला, "साहेब, पऱ्हाटी उपटली का मूळ खाली बारीक होत जाते. आपुन हे उलटं लावून राह्यलो."

"ट्रेनिंग तुझं झालंय की माझं?"

"तुमचंच झालं, साहेब," म्हणत त्याने पुढची कांडी उलटी खोचली.

पाऊस झाला. काहीच उगवेना. गुपचूप एक कांडी उपटून पाहिली. कोंब फुटला होता, पण खाली, मातीत.

रिपोर्टात मी लिहिलं, 'मुकादमाच्या हलगर्जीपणामुळे स्टंप सुकले.' सुखदेवची मुकादमी गेली. त्याला त्याच प्लॉटचा राखणदार केलं. कोणी आणखी एखादी कांडी उपटून बघेल या धास्तीने मी वर बजावलं, "आत कोणी जाता कामा नये. गाय नाही, शेळी नाही, कुऱ्हाड नाही."

त्याने हुकूम पाळला. एकदा माझ्या घरचीच शेळी कोंडवाड्यात घातली. मी ओरडलो, तर म्हणे, "काहून? हुकूम तुमचाच व्हता ना?"

तीन वर्षांत तोडलेल्या खुंटांना फुटवे आले. धावडा, ऐन, तेंदू ही झाडं डोक्याच्या वर गेली. पाखरांनी कुठून कुठून बिया आणून टाकल्या. आमचे साहेब पाखरांचे वेडे. आत शिरले ते तासाभराने काट्यांनी ओरबाडून घेऊन, पण खुशीत बाहेर आले.

"शेजारच्या सागाच्या रोपवनात मला फक्त एक कावळा दिसला. इथे मोर आहेत, भेकराच्या लेंड्या आहेत! हे कोणी केलं?"

सुखदेव काठी टेकून बाजूलाच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. माझं एक वाक्य, आणि त्याची मुकादमी परत.

"साहेब, मी संरक्षणावर भर दिला," मी म्हणालो.

"भर तं लय देल्ला साहेबायनं," सुखदेव म्हणाला.

मला बढती मिळाली. नेमणूक? ट्रेनिंग स्कूलमध्ये, गार्डांना स्टंप लावायला शिकवायचं! बारीक टोक खाली, हे मी पुढे कित्येक बॅचेसना शिकवलं. कोणाकडून शिकलो, ते सांगितलं नाही. सुखदेव राखणदार म्हणूनच रिटायर झाला.

रान आपलं आपण उभं राहिलं. त्याला फक्त राखण लागली. सुखदेवची मुकादमी तशी आपोआप येणारी नव्हती. तिला रिपोर्टात एक दुरुस्ती लागत होती. फार उशिरा करतो आहे: स्टंप सुकले नव्हते. मी ते उलटे लावले होते.