गाठीला हात लावण्याआधी

"गीळ. परत गीळ."

मोठे डॉक्टर माझ्या मागे उभे. बोटं माझ्या गळ्यावर. थायरॉइडची गाठ घोट गिळताना वर सरकते, ते विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं. आधीच्या बाईला कपातून पाणी दिलं होतं. माझ्या केसपेपरवरचं आडनाव वाचलं आणि 'तुम्ही'चं 'तू' झालं. शिपायाला म्हणाले, "हिला वरून ओत."

मी ओंजळ धरली. मग एकेक विद्यार्थी गळा चाचपून गेला. मला कुणी विचारलं नाही. मोर्च्यांची पत्रकं वाटत मोठी झालेली मी गळा पुढे करून बसले. जगायचं होतं.

कॅन्सर निघाला. ग्रंथी काढली, किरणोत्सारी आयोडीन दिलं. वर्षभरात मानेत पुन्हा गाठ. ही आयोडीन घेतच नव्हती. दुसरं ऑपरेशन ठरलं.

आदल्या दिवशी तेच डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन आले. काढलेल्या गाठीचा तुकडा संशोधनाला हवा, सही कर. कसलं संशोधन, मी विचारलं.

"लाँग नॉन-कोडिंग आरएनए. कळलं? अंबडला कंपनीत स्क्रू आवळतेस ना? कर सही."

पोरं हसली. नाही केली तर, मी विचारलं. ऑपरेशनची रांग मोठी आहे, म्हणाले.

दाराशी उभी आई डोळ्यांनीच विनवत होती, कर बाई. मी पेन खाली ठेवलं.

"हेच लिहून द्या, साहेब. सही नाही म्हणून ऑपरेशन नाही. खाली तुमचं नाव टाका."

डॉक्टर वळले, निघून गेले. मागे राहिलेल्या एका शिकाऊ डॉक्टरताईने स्टूल ओढलं, 'तुम्ही' म्हणत समजावलं. हे आरएनए प्रथिनं बनवत नाहीत, पण पेशीतली कोणती जनुकं चालू, कोणती बंद, यात त्यांचा हात असतो. त्यातले काही बिघडले की पेशी आयोडीन आत घेत नाही, असं दिसतंय. त्यांना आवर घालता आला तर आयोडीन पुन्हा लागू पडेल. आज नाही. माझ्यासाठी बहुतेक नाहीच. आणि नकार दिला तरी उपचार थांबवता येत नाहीत.

एवढंच होतं. बसून सांगण्यासारखं.

त्या संशोधनाशी माझं वैर नाही. कुणाची तरी लेक त्याने वाचेल. तरी मी तुकडा दिला नाही. ऑपरेशन ठरल्या दिवशीच झालं.

आता आमच्या वस्तीतलं कुणीही त्या वॉर्डात गेलं की मी सोबत जाते, डॉक्टरांना सांगते: आमच्या शरीरातलं काही हवं असेल तर समोर बसा, आमच्या भाषेत सांगा, आमचा नकारही ऐका. तोवर एक पेशीसुद्धा मिळणार नाही.