सांजंला उठवते

दिवेलागणीला नवसाबाईंच्या खोलीचं दार कधी लागलेलं नसायचं. इंदिरानगरातली आमची सोसायटी म्हणजे पाण्याच्या टाकीवरून एकमेकांची डोकी फोडणारी माणसं, पण त्या दारापुढे सगळ्यांची बोलती बंद व्हायची. जिन्याखाली, मोटरीशेजारी वॉचमनची खोली. आत ताटात नाचणीची भाकरी वाढलेली, शेजारी पाण्याचा तांब्या, आणि नवसाबाई उंबऱ्यावर एका अंगाला सरकून बसलेल्या. येणाऱ्याला वाट राहावी म्हणून.

येणारा म्हणजे त्यांचा नवरा, सहादू. त्याला जाऊन वर्षं लोटली होती.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची, आणि कुणाच्या अंगात आलं की माझी आई सरळ विचारायची, "घरी कामं नाहीत का, बाई?" शिवाय मी कॅन्सरच्या वॉर्डातली नर्स. मेलेली माणसं परत येत असती तर आमच्या वॉर्डात पाय ठेवायला जागा उरली नसती. तरी त्या दारावरून जाताना मी अंग चोरून जायचे.

दोघं पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचे. पावसाळ्यात घरची नाचणी-भात, एरवी नाशकात बांधकामावर. आमच्या इमारतीचा पाया खणण्यापासून दोघं तिथं होते, आणि इमारत उभी राहिल्यावर बिल्डरने सहादूला वॉचमन म्हणून ठेवून घेतलं. भला माणूस, पण झोपेचा पक्का. खुर्चीत बसल्या बसल्या घोरायचा. "सरिता सिस्टर, चोर आला तं आदी यालाच उठवावं लागंल," म्हणून नवसाबाई हसायच्या. दुपारी आडवा होताना तो म्हणायचा, "सांजंला उठव गं." आणि त्या न चुकता उठवायच्या.

अठ्ठ्याण्णव साली त्याच्या फुप्फुसात गाठ निघाली. मीच त्याला आमच्या दवाखान्यात नेलं. दुखणं मॉर्फिनने आवरलं, पण शेवटी शेवटी श्वास आवरेना. ऑक्सिजन लावूनही तो बुडत्या माणसासारखा हवा ओढायचा, डोळे बाहेर आलेले, चादर मुठीत आवळलेली. करण्यासारखं सगळं करून झाल्यावर डॉक्टर यादवांनी नवसाबाईंना आणि लासलगावच्या कांदा मार्केटात हमाली करणाऱ्या त्यांच्या मुलाला, रवीला, बाजूला घेतलं.

"जीव आजार घेणार आहे, औषध नाही," डॉक्टर म्हणाले. "पण जागेपणी गुदमरणं तरी थांबवता येईल. झोपेचं औषध देतो, लागेल तेवढंच. मात्र एकदा झोपले की बहुतेक पुन्हा बोलणार नाहीत."

"आन् रवीच्या बाला काय वाटंल?" नवसाबाईंनी विचारलं.

"त्यांना काहीच कळणार नाही."

डॉक्टरांनी हे मायेने सांगितलं. या वाक्यावर सुटकेने रडलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. नवसाबाईंचा चेहरा मात्र उतरला.

डॉक्टरांनी सहादूलाही वाकून सगळं सांगितलं. त्याने मान हलवली. पुन्हा विचारलं, तर हात जोडले. मी औषध सुरू केलं. नवसाबाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि सवयीने म्हणाल्या, "नीज आता. सांजंला उठवते."

त्याची मूठ सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. इतकं निवांत मरण मी क्वचित पाहिलंय. आपल्या हातून चांगलं काम झालं असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

पाड्यावर मात्र गहजब झाला. त्यांच्याकडची रीत अशी, की जीव जायला लागला की घरच्याने कानाशी जाऊन मोठ्याने सांगायचं, "तुझं झालं. आता नीघ, मागं वळू नको." पण माणूस जागा असताना सांगायचं. झोपेत गेलेल्याला आपण मेलो हेच माहीत नसतं. तो उठतो आणि आपला घरी येतो. त्यातून नवसाबाईंनी तर उठवण्याचा शब्द दिलेला. दिवसकार्याच्या जेवणाला पाड्यावरचे म्हातारे कोंडाजी सगळ्यांदेखत म्हणाले, "तू फशिवलंस त्याला."

ते नवसाबाईंच्या काळजात रुतलं ते कायमचं. रवी लासलगावला न्यायला आला, हातापाया पडला. "मी तिकडं आन् हा हितं आला तं?" एवढंच त्या म्हणाल्या. जिने झाडायचं काम धरून त्याच खोलीत राहिल्या, ताट वाढत राहिल्या.

एकदा वैतागून मी म्हटलं, "मावशी, एवढंच आहे तर आता सांगा की त्यांना. ताटापुढे बसून सांगून टाका, तुम्ही गेलात म्हणून."

त्यांनी तांब्या ताटाजवळ सरकवला. "भरल्या ताटावरनं उठवू व्हय त्याला?"

मग दोन हजार सहा साली त्यांनाच कॅन्सर निघाला. वॉर्ड तोच, डॉक्टरही तेच, फक्त केस पिकलेले. गोळ्यांनी दुखणं थांबलं होतं. तरी पहिल्याच आठवड्यात त्यांनी डॉक्टरांचा हात धरला. "रवीच्या बाला लावलं ते झोपंचं औषध मला लावा."

डॉक्टर स्टूल ओढून बसले. "मावशी, दुसरं काहीच चालेनासं झालं तरच ते द्यायचं. तुम्ही बोलताय, चहा पिताय. तुम्हाला कसं झोपवू?"

दुसऱ्या दिवसापासून नवसाबाई कण्हू लागल्या. सोंग पण किती वाईट! डॉक्टरांची पावलं वाजली की "आई गं", आणि त्यांची पाठ वळली की चहासाठी बशी पुढे. सगळा वॉर्ड हसायचा, मीही हसले. मग एक दिवस डोकंच फिरलं माझं. "कशाला हे नाटक, मावशी?"

त्यांनी माझं मनगट धरलं. "जागेपणी मेले तं मला कळंल, सिस्टर. मंग माझी वाट येगळी, त्याची येगळी. तो रोज यील न् घर रिकामं. मला बी त्याच्यासारखंच जायचंय. न कळता."

त्या वॉर्डात मला भीती वाटली ती तेवढी एकदाच. मी डॉक्टरांना सांगितलं. ते चष्मा काढून पुसू लागले. "भीती हेही दुखणंच आहे," म्हणाले, "पण त्यावर हे औषध नाही." रोज नवसाबाईंजवळ बसून बोलू लागले. ते बरोबरच होते. मला त्यांचा राग आला तो आलाच.

शेवटच्या दुपारी नवसाबाईंना आपोआप ग्लानी येऊ लागली. शरीर थकलं की येते तशी. श्वास लांबला. रवी उशाशी होता. या खेपेला चूक होऊ द्यायची नाही असं तो पाड्यावरून ठरवूनच आला होता. तो आईच्या कानाशी वाकला. "आये, तुझं..."

मी त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले. नजर घाबरलेली, माझ्यावर खिळलेली.

"सिस्टर, झालं का माझं?"

पेशंटशी खोटं बोलायचं नाही, हे मी शिकाऊ मुलींना ओरडून ओरडून सांगते. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"काही नाही झालं. नीज आता. सांजंला उठवते."

कपाळावरची आठी मोडली. दिवे लागायच्या आत त्या गेल्या. रवी त्यानंतर माझ्याशी कधी बोलला नाही.

आता त्या खोलीत नवा वॉचमन आहे. डासांमुळे तो दिवेलागणीलाच दार लावून घेतो. मी ड्यूटीवरून येते, दार वाजवते, आणि थोडा वेळ उघडं ठेव म्हणते. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय असं त्याला वाटतं. वाटू दे. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. पण दोघं दमून घरी आले असतील, आणि आपण गेलो हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. ते मी सांगणार नाही.